मीटर ‘चांगला’ म्हणतो, तरी डायोड का जळतो?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले, पळस्पे फाटा आणि शिरढोण मागे पडले, की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. अंगठा उभा धरावा तसा. पुष्कळ लोक तेथे १९६८ साली झालेले पक्षी अभयारण्य पाहायला जातात. आम्ही जातो ते बहिणीकडे. तिचे घर तेथेच, पायथ्याच्या एका वस्तीत आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो, तर भाचा भिंतीकडे तोंड करून निजलेला. कामाचा दिवस, दुपारची वेळ. हा मुलगा आयटीआय करून पनवेलच्या एका रिपेअरिंगच्या दुकानात लागलेला. बहिणीने पाणी दिले आणि हळूच म्हणाली, “दादा, याला जरा विचार. दोन दिवस झाले, धड जेवत नाही. मालकाने पगारातले आठशे रुपये कापले.”

हकीकत अशी होती. वस्तीच्या समाजमंदिरातला ॲम्प्लिफायर बंद पडला. भाचा दुकानात आहे म्हणून मंडळाने वर्गणी काढून तो तेथेच नेऊन दिला. आतले दोन डायोड जळाले होते. भाच्याने दुकानाच्या ड्रॉवरमधून दोन नवे काढले, मीटर लावून तपासले आणि बसवले. ॲम्प्लिफायर वाजू लागला. चार दिवसांनी पुन्हा बंद! पुन्हा दोन डायोड तपासून बसवले. आठवड्याच्या आत पुन्हा तेच, आणि या वेळी आतला मोठा कपॅसिटरही फुटला. मंडळाचे लोक दुकानात जाऊन चार शब्द बोलले. मालक भाच्याला म्हणाला, “तपासून लावतोस, की तसाच लावतोस?” वर पैसे कापले. मुलाला पैशापेक्षा ते वाक्य लागले होते.

“मामा, मी प्रत्येक डायोड तपासला होता. मीटरवर चांगला होता,” तो म्हणाला. खिशातून त्याने कागदाची पुडी काढली. तिच्यात जळालेले दोन डायोड होते आणि त्याच ड्रॉवरमधले दोन कोरे.

वाचकहो, आमची सारी नोकरी कारखान्याच्या विद्युत विभागात गेली. मुलगा खोटे बोलत नाही, हे आम्हाला दिसत होते. पण मीटरही खोटे बोलत नव्हता. मग चुकले कुठे? त्या दुपारी बहिणीच्या घरात जमिनीवर बसून आम्ही ते शोधले. आपली अनेक मुले आयटीआयला आहेत, दुकानात हेल्पर आहेत, घरचा चार्जर उघडून बसतात. त्यांच्यासाठी ते सारे येथे मांडत आहोत.

डायोड म्हणजे काय?

डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार. करंट एका दिशेने जाऊ देतो, उलट दिशेने अडवतो. घरात येणारी वीज दिशा बदलत असते, सेकंदाला पन्नास वेळा तिची पुढे-मागे फेरी होते. मोबाइल, रेडिओ, ॲम्प्लिफायर यांना एकाच दिशेची वीज लागते. ते काम डायोड करतो. त्याच्या अंगावर एका टोकाला पट्टा असतो. पट्ट्याचे टोक कॅथोड, दुसरे ॲनोड. ॲनोडला प्लस आणि कॅथोडला मायनस दिले की दार उघडते.

मीटरने तपासण्याची पद्धत

काट्याचा मीटर ओहमवर ठेवला की त्याच्या आतली बॅटरी थोडा करंट बाहेर सोडते आणि त्यावरून काटा रेझिस्टन्स दाखवतो. तपासताना एवढे पाळावे.

१) वीज चालू असताना ओहमचा मीटर कधीही लावू नये. प्लग काढावा आणि मोठा कपॅसिटर रेझिस्टन्स लावून रिकामा करावा. चार्जरमधला कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला असू शकतो. तो झटका साधा नसतो.

२) डायोडचा एक पाय सोल्डरमधून सोडवून घ्यावा. मधला टॅप असलेल्या ट्रान्सफॉर्मरवर दोन डायोड असतील, तर बोर्डावर ते वाइंडिंगमधून एकमेकांना जोडलेले असतात. तेव्हा एक जळाला तरी दोन्ही जळाल्यासारखे दिसतात.

३) एका बाजूने लावून पाहावे, मग लीड उलटवून पाहावे. एका बाजूने काटा हलला आणि उलट बाजूने जागचा हलला नाही, तर ठीक. दोन्ही बाजूंनी शून्याकडे गेला तर शॉर्ट. दोन्ही बाजूंनी हललाच नाही तर ओपन.

४) लीडच्या रंगावर जाऊ नये. बऱ्याच काट्याच्या मीटरांत ओहमवर काळ्या लीडला बॅटरीचा प्लस येतो आणि लाल लीडला मायनस. डिजिटल मीटरमध्ये लाल लीडच प्लस असते. पट्टा स्पष्ट असलेला एक चांगला डायोड लावून आपल्या मीटरची रीत एकदा पाहून ठेवावी.

५) डिजिटल मीटरवर डायोडची वेगळी खूण असते. तेथे मीटर साधारण एक मिलिअँपिअर करंट सोडतो आणि ओहम नव्हे, व्होल्ट दाखवतो. सिलिकॉन डायोडला ०.५ ते ०.७, जुन्या जर्मेनियमच्या डायोडला ०.२ ते ०.३. काही मीटर हेच मिलिव्होल्टमध्ये, ५८० असे दाखवतात. उलट बाजूने ‘ओएल’ किंवा नुसता ‘१’ येतो.

६) पांढऱ्या एलईडीला उजळायला तीन व्होल्टच्या आसपास लागतात. काही मीटर डायोडच्या खुणेवर तेवढे व्होल्ट देतच नाहीत. तेव्हा चांगली एलईडीही ओपन दिसते. ती लगेच फेकून देऊ नये.

जळालेल्या दोन डायोडना मीटर लावला. दोन्हीकडून शून्य, म्हणजे शॉर्ट. कोऱ्या दोघांना लावला. एकीकडून वाट, दुसरीकडून अडसर, म्हणजे चांगले. भाच्याने दुकानात हेच केले होते. आयटीआयमध्ये हेच शिकवतात आणि ते बरोबरच आहे.

एकाच डायोडचे तीन रेझिस्टन्स

तेवढ्यात भाची जवळ येऊन बसली. यंदाच दहावी पास झालेली. ओहमचा नियम तिला पाठ आहे. तिने मीटरची मूठ फिरवून पाहिली आणि म्हणाली, “मामा, हा मीटर बिघडलाय.”

तिचे म्हणणे खरे वाटावे असेच होते. तोच डायोड, तीच बाजू. ×१ वर मीटर ७ ओहम दाखवत होता. ×१० वर ६० ओहम. आणि ×१के वर जवळजवळ ४००० ओहम! एका वस्तूचे तीन वजनकाट्यांवर तीन वेगळे वजन यावे, तसे झाले. भाचा म्हणाला, “असेच येते. सर म्हणाले होते, आकडा बघू नका, फक्त काटा हलतो का ते बघा.”

सरांचे म्हणणे कामापुरते योग्य. पण ‘असेच येते’ म्हणून सोडून दिले तर पुढचे कळत नाही. आम्ही भाचीला तिची आलेखाची वही आणायला सांगितली.

चार सेल, चार रेझिस्टन्स आणि आलेखाची वही

कोणत्याही घरात करता येईल असा हा प्रयोग आहे. दीड व्होल्टचे चार सेल एकापुढे एक लावले, म्हणजे सहा व्होल्ट. त्याला एक रेझिस्टन्स आणि एक डायोड एका ओळीत जोडला. रेझिस्टन्स चार वेळा बदलायचा. आधी ४७ हजार ओहम, मग ४७००, मग ४७० आणि शेवटी १००. शेवटचा अर्ध्या वॅटचा घ्यावा, नाहीतर फार तापतो. दर वेळी दोन मापे घ्यायची. डायोडवर किती व्होल्ट आहेत आणि रेझिस्टन्सवर किती. रेझिस्टन्सवरच्या व्होल्टना त्याच्या ओहमने भागले की करंट मिळतो. वेगळा अँपिअरमीटर लागत नाही.

भाचीने वहीत लिहिले ते असे:

४७ हजार ओहम: डायोडवर ०.४८ व्होल्ट, करंट सुमारे ०.१२ मिलिअँपिअर.
४७०० ओहम: ०.५८ व्होल्ट, सुमारे १.१५ मिलिअँपिअर.
४७० ओहम: ०.६८ व्होल्ट, सुमारे ११ मिलिअँपिअर.
१०० ओहम: ०.७५ व्होल्ट, सुमारे ५२ मिलिअँपिअर.

आता हे आकडे नीट पाहा. करंट ०.१२ पासून ५२ पर्यंत गेला, म्हणजे चारशे पटींहून अधिक वाढला. आणि व्होल्ट? ०.४८ पासून ०.७५ पर्यंत, म्हणजे दुप्पटसुद्धा नाही. करंट दहापट झाला की व्होल्ट जेमतेम एक दशांशाने वाढतात.

भाचीने आडव्या रेषेवर व्होल्ट घेतले आणि उभ्या रेषेवर करंट, एका सेंटिमीटरला दहा मिलिअँपिअर. पहिले दोन ठिपके जमिनीलाच चिकटले. तिसरा एक सेंटिमीटर वर आला. चौथा थेट पाच सेंटिमीटरच्या वर. ठिपके जोडले आणि ती म्हणाली, “ही तर सरळ रेषा नाहीच!”

साध्या रेझिस्टन्सचा आलेख शून्यातून निघणारी सरळ रेषा असते. व्होल्ट दुप्पट, तर करंट दुप्पट. हाच ओहमचा नियम. जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी तो १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. डायोडचा आलेख मात्र पनवेलहून कर्नाळ्याला येणाऱ्या वाटेसारखा. आधी बराच वेळ सपाट, मग ०.६ च्या सुमारास चढ, आणि मग एकदम उभा सुळका.

तिच्यासारखाच अचंबा १८७४ साली फर्डिनंड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाला वाटला होता. काही धातूंच्या खनिजांतून एका दिशेने करंट जास्त जातो आणि ओहमचा नियम तेथे लागू पडत नाही, असे त्याला आढळले. पुढे आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना, म्हणजे शिशाच्या खनिजाचा, न दिसणाऱ्या विद्युतलहरी पकडण्यासाठी उपयोग केला. त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. आजच्या डायोडचे हे पूर्वज.

मग मीटरचे तीन आकडे कसे आले? व्होल्टना करंटने भागा. पहिल्या ठिपक्यावर ४००० ओहमच्या आसपास येतात. दुसऱ्यावर ५००, तिसऱ्यावर ६० आणि चौथ्यावर १४. मीटरची मूठ फिरवली की आतला करंट बदलतो. ×१के वर तो अगदी थोडा असतो, म्हणून मीटर सपाटीवरचा ठिपका पाहतो. ×१ वर शंभर मिलिअँपिअरच्या पुढे जातो, म्हणून तो सुळक्यावर उभा राहून पाहतो. मीटर बिघडलेला नव्हता. प्रत्येक वेळी तो आलेखावरच्या एकाच ठिकाणाहून पाहत होता. डायोडला एक ठराविक रेझिस्टन्स नसतोच. त्याला एक आलेख असतो.

आलेखाची डावी बाजू

भाचा आता उठून जवळ येऊन बसला होता. आम्ही त्याला विचारले, “हा झाला उजवीकडचा भाग. डावीकडे काय आहे?”

डायोड उलटा जोडला. सहा व्होल्ट दिले. मीटरला करंट सापडलाच नाही. सहा व्होल्टपर्यंत ठिपके सगळे जमिनीवर.

“सहाच्या पुढे?” आम्ही विचारले. “वीस व्होल्टला? पन्नासला? शंभरला?”

तो गप्प झाला. मग त्याने कोरा डायोड उचलून उजेडात धरला. अंगावरचा नंबर वाचला. १एन ५४००.

वाचकहो, उलट दिशेचे दार कितीही जोराने ढकलले तरी बंदच राहते असे नाही. प्रत्येक डायोडची एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे आलेख डाव्या बाजूला सरळ खाली कोसळतो. उलट दिशेने करंट धावतो, डायोड तापतो आणि बहुधा शॉर्ट होतो. झेनर डायोड याच कड्यावर काम करण्यासाठी बनवलेला असतो, पण साधा डायोड नाही. कंपनी कोणत्या व्होल्टपर्यंत हमी देते ते नंबरवरून कळते. तीन अँपिअरच्या या घराण्यात ५४०० ला ५० व्होल्ट, ५४०१ ला १००, ५४०२ ला २००, ५४०४ ला ४००, ५४०६ ला ६०० आणि ५४०८ ला १००० व्होल्ट. एक अँपिअरच्या ४००१ ते ४००७ या मालिकेतही ५० पासून १००० पर्यंत अशाच पायऱ्या आहेत. शरीर एकसारखे, पट्टा एकसारखा, ओहमच्या मीटरवर वागणूकही एकसारखी. फरक फक्त शेवटच्या आकड्यात.

आता ॲम्प्लिफायरचे गणित. त्याचा ट्रान्सफॉर्मर ३०-०-३० चा, मधल्या टॅपचा, आणि डायोड दोन. ३० व्होल्ट हे सरासरीच्या हिशेबाचे. लाटेचा माथा त्याच्या १.४१ पट, म्हणजे ४२ व्होल्ट. एक डायोड चालू असतो तेव्हा कपॅसिटर ४२ व्होल्टला भरलेला असतो आणि वाइंडिंगचे दुसरे टोक त्याच वेळी उणे ४२ वर असते. बंद डायोडवर या दोघांचा भार एकत्र येतो. ४२ अधिक ४२, म्हणजे ८४ व्होल्ट! रात्री लाइनचे व्होल्टेज वाढले की याहून जास्त.

हमी ५० ची आणि भार ८४ चा. डायोड चार दिवस तरी टिकला, कारण बनवणारा थोडी जास्त ताकद ठेवतो. पण त्या जादा ताकदीवर भरवसा ठेवून काम करायचे नसते. शेवटी तो शॉर्ट झाला, उलटसुलट वीज सरळ कपॅसिटरवर गेली आणि कपॅसिटर फुटला.

भाच्याने हे सगळे स्वतः वहीत लिहिले. ८४ या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. मग बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, “म्हणजे मी तपासले ते खरे होते. पण पुरे नव्हते.”

याहून चांगले आम्हालाही सांगता आले नसते. ओहमच्या मीटरमध्ये बॅटरी असते तीन व्होल्टची. काही मीटरांत सर्वांत वरच्या मुठीला नऊ किंवा त्याहून थोडी जास्त. तीन व्होल्टची परीक्षा पास झाली म्हणजे चौऱ्याऐंशी व्होल्टचा भार पेलेल, असे होत नाही. मीटर एवढेच सांगतो की डायोड मेलेला नाही. तो या जागेला लायक आहे की नाही, हे नंबर, आलेख आणि आपला हिशेब सांगतो. जळालेला डायोड ओळखायला मीटर पुरतो. नवा डायोड निवडायला नाही.

पुढे काय झाले?

सोमवारी भाचा वही घेऊन कामावर गेला. आम्ही बरोबर जाऊ का, असे विचारले होते. तो म्हणाला, “नको मामा, मीच बोलतो.” ते आम्हाला आवडले.

मालकाने आधी हात झटकले. मग वही पाहिली. मग ड्रॉवर बाहेर ओढला. आत ५४००, ५४०२, ५४०८ सगळे एकत्र पडलेले. मालकाने दोन ५४०८ काढून दिले आणि उरलेल्यांची नंबरप्रमाणे पाकिटे करायला भाच्यालाच बसवले. ५४०० आणि ५४०८ यांच्या किमतीत फरक असतो तो फार तर रुपया-दोन रुपयांचा. कापलेल्या पैशांपैकी चारशे परत मिळाले. उरलेल्या चारशेंबद्दल मालक काही बोलला नाही. भाच्याने मात्र ते वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवले आहेत.

पालकांना आमचे सांगणे आहे. मुलाच्या हातात मीटर द्याल तेव्हा एक आलेखाची वहीही द्या. मीटर आज सर्वत्र मिळतात. नाशिकच्या मोटवाने कंपनीचे मीटर पूर्वीपासून ठाऊक आहेत. सुटे भाग मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतात. चार सेल आणि चार रेझिस्टन्स यांचा खर्च चहा-नाश्त्याएवढा. पण चार ठिपके स्वतःच्या हाताने काढले की मुलाला कळते की ‘असेच येते’ हे उत्तर नव्हे. आणि मुलीलाही जवळ बसवा. आमच्या घरात तरी पहिला खरा प्रश्न तिनेच विचारला होता.

त्याच महिन्याच्या शेवटी समाजमंदिरात दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार झाला. बाहेर पाऊस होता, ढगात सुळका दिसत नव्हता. ॲम्प्लिफायर पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट चालला. त्यावरून भाचीचे नाव पुकारले गेले तेव्हा ती पुढे गेली. भाचा मागे, ॲम्प्लिफायरच्या टेबलाशी उभा होता. बहिणीने आधी मुलीकडे पाहिले आणि मग त्याच्याकडे.